कणगी रिकामी, परडी हिरवी

मलावीच्या खेड्यांत जानेवारी महिना पोटाला चिमटा घेत येतो. मागच्या एप्रिल-मेमध्ये घरात आलेला मका ज्यांची जमीन थोडी, त्यांचा दिवाळीच्या सुमारासच संपलेला असतो. बाकीच्यांचा आता तळाला जातो. काटक्या आणि बांबू विणून केलेल्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या कणग्यांना तिथे 'न्खोक्वे' म्हणतात. त्या एकेक करून रिकाम्या होतात आणि बाजारातला मक्याचा भाव चढू लागतो. शेतात नवे पीक डोलत असते, पण कोवळी कणसे हाती लागायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो, आणि कणगीत ठेवण्याजोगा वाळका दाणा एप्रिलशिवाय मिळत नाही. डिसेंबरपासून मार्चपर्यंतचे हे दिवस भुकेचे म्हणूनच ओळखले जातात.

याच दिवसांत शिवारात पानांची रेलचेल असते. हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथला पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. पहिल्या सरी पडल्या की पंधरा-वीस दिवसांत मक्याच्या ओळींमध्ये माठ उगवतो, जुन्या गोठ्याच्या खतावर तिळवण फोफावते, बांधावर आणि ओलाव्याच्या जागी आणखी पाच-सहा प्रकारची पाने दिसू लागतात. मलावी, झांबिया आणि झिंबाब्वे या पट्ट्यातल्या घराचा वर्षाचा हिशेब समजून घ्यायचा, तर धान्याचे आणि पानांचे ही दोन वेळापत्रके शेजारी ठेवून पाहावी लागतात. धान्य घरात असते तेव्हा रान सुकलेले असते, आणि रान हिरवे होते तेव्हा धान्य सरलेले असते. या दोहोंमधली दरी भरून काढायचे काम तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. त्यासाठी लागणारे ज्ञान फार बारकाईचे आहे, आणि शेतीच्या सरकारी आकडेवारीत त्याला जवळजवळ जागाच नाही.

आधी ताटाकडे पाहू. मलावीत न्सिमा, झांबियात न्शिमा, झिंबाब्वेत साद्झा, केनियात उगाली. नावे वेगळी, पदार्थ एकाच घराण्यातला: पाण्यात शिजवून घोटलेली पिठाची घट्ट उकड. तिला स्वतःची चव फारशी नसते. हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि त्यात सोबतचे कालवण उचलायचे. या कालवणाला मलावीत 'न्दिवो' म्हणतात. त्यात मासा, कडधान्य, क्वचित मांस येते. पण गरीब घरात वर्षातले बहुतेक दिवस न्दिवो म्हणजे पालेभाजी. न्सिमाशिवाय जेवण नाही, हे खरे. आणि न्दिवोशिवाय न्सिमा घशाखाली उतरत नाही, हेही तितकेच खरे.

ऑड्री रिचर्ड्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंनी ही गोष्ट फार लवकर ओळखली. १९३०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत त्या आजच्या झांबियाच्या उत्तर भागात बेंबा लोकांमध्ये राहिल्या आणि १९३९मध्ये त्यांनी या लोकांच्या जमिनीवर, श्रमांवर आणि आहारावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेंबांची उकड तेव्हा मुख्यतः नाचणीची होती. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. तीच काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली आणि आपल्या कोकणात, घाटमाथ्यावर रुजली. रिचर्ड्सबाईंनी लोक काय खातात ते टिपलेच. शिवाय जेवण कोणत्या दिवशी शिजतच नाही आणि का, हेही पाहिले. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला पाणी, सरपण, पीठ आणि भाजी हे सारे स्वतःच जमवायचे असे. अंगात त्राण उरले नाही की घरात नाचणी असूनही चुलीवर काही चढत नसे. आहाराची चर्चा आपण नेहमी पिकाच्या पोत्यांपासून सुरू करतो. बाईच्या दिवसापासून ती सुरू करावी, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले होते. पुढच्या कितीतरी योजनांनी हा धडा घेतला नाही, याचे वाईट वाटते.

आता शिवारात जाऊ. रानभाजी आणि शेतातली भाजी अशी जी सरळ रेघ आपण मनात ओढतो, ती इथे टिकत नाही. माठाचे उदाहरण घ्या. मलावीत त्याला 'बोनोंग्वे' म्हणतात. तो कोणी पेरलेला नसतो, पण तो रानातही नसतो. तो नांगरलेल्या, खत पडलेल्या, माणसाने हात लावलेल्या मातीतच येतो. मक्याची पहिली खुरपणी करताना बाई गवत उपटते आणि माठाची कोवळी रोपे घरी नेते. काही रोपे मुद्दाम राखते, म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे खुडता येतील. शेवटी एखाद-दुसरे झाड बियांवर सोडून देते. पेरणी नाही, पण निवड आहे, राखण आहे, बियाण्याची तजवीज आहे. याला जंगली म्हणायचे की लागवडीचे? वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या पानांना बहुतेक वेळा तण म्हटले जाते. ती खुरपणी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र ती सकाळची कमाई असते. एकाच कष्टात मक्याची निगा आणि दुपारचे कालवण.

माठ आणि पांढरी तिळवण ही दोन्ही झाडे मका-ज्वारीच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक ऊन, तापलेली माती आणि बेताचे पाणी अशा स्थितीतही ती झपाट्याने वाढतात. म्हणून पावसाच्या आरंभी, पीक अजून मुळे धरत असते तेव्हा, खाण्याजोगी पाने सर्वांत आधी यांचीच मिळतात. मात्र प्रत्येक पानाची मुदत ठरलेली. फूल धरले की माठ चिवट होतो आणि तिळवण अधिक कडवट. मग पाळी येते ती तागाच्या कुळातल्या छुंचेची, जिचे पान शिजले की भेंडीसारखे बुळबुळीत होते आणि कोरडी उकड घशाखाली सहज उतरवते. कपड्यांना ज्याच्या काळ्या बिया चिकटतात, त्या 'चिसोसो' नावाच्या तणाची पानेही कोवळी असताना खातात. चव उग्र, पण दुसरे काही नसेल तेव्हा हेच उपयोगी पडते.

जानेवारी सरता सरता लागवडीच्या पानांचा काळ सुरू होतो. मक्यातच पेरलेला भोपळा जमिनीवर पसरतो, चवळी वर चढते, रताळ्याचे वेल धरतात. भोपळा फळासाठी, चवळी दाण्यासाठी, रताळे कंदासाठी, असे आपण समजतो. तिथे ही तिन्ही पिके दोनदा खातात, आधी पान आणि मग बाकीचे. त्यातही तारतम्य लागते. भोपळ्याचे शेंडे बेताने खुडले तर वेलाला फांद्या फुटतात, ओरबाडले तर फळ धरत नाही. चवळीची पाने फूल येण्याआधी खुडलेली चांगली, नंतर जास्त काढली तर शेंगा घटतात. घरातल्या कणगीत किती दिवसांचा मका उरला आहे, त्यावर आज किती पाने खुडायची ते ठरते. हा हिशेब कुठे लिहिलेला नसतो, तो बाईच्या डोक्यात असतो. शेजाराचा कायदाही त्यात येतो. दुसऱ्याच्या शेतातला भोपळ्याचा पाला न विचारता खुडणे ही चोरी. पण तिथेच उगवलेला माठ किंवा चिसोसो नेला तर पुष्कळ ठिकाणी कोणी हरकत घेत नाही. ज्यांच्याकडे जमीनच तुटपुंजी, अशा विधवेला आणि म्हातारीला हा अलिखित नियम फार मोठा आधार देतो.

भोपळ्याच्या पानांना मलावीत 'न्ख्वानी' म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाकात त्यांना मान आहे. देठापासून सुरुवात करून पानाच्या शिरांवरचा धागा सोलून काढावा लागतो, नाहीतर ते तोंडात टोचते. मग पाने बारीक चिरून, टोमॅटो असेल तर तो घालून शिजवायची आणि वरून शेंगदाण्याचे कूट सोडून दाट करायची. झांबियात याच धर्तीच्या भाजीला 'इफिसाशी' म्हणतात, झिंबाब्वेत पाल्यात शेंगदाण्याचे लोणी घालतात. कुटामुळे चव तर येतेच, पण त्याहून महत्त्वाचे काही घडते. हिरव्या पानांतले कॅरोटीन, ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते, ते स्निग्ध पदार्थ सोबत असेल तरच नीट शोषले जाते. तेल विकत घ्यायला पैसे नसलेल्या घरात शेंगदाणा हे काम करतो. पाला आणि कूट ही जोडी ज्या बायकांनी बसवली, त्यांनी जीवनसत्त्वांचे नाव ऐकले नव्हते, पण मुलांच्या अंगी काय लागते ते त्या पाहत होत्या.

दुसरी युक्ती राखेची. शेंगा काढून उरलेले वाळके वेल, मक्याची बुरकुंडे किंवा केळीच्या साली जाळून त्यांची राख तळाला भोके पाडलेल्या भांड्यात भरतात, वरून पाणी ओततात आणि खाली ठिबकणारे पिवळसर पाणी जपून ठेवतात. मलावीतले त्याचे नाव 'चिदुलो'. हे क्षारयुक्त पाणी घातले की जाड पाने लवकर मऊ होतात, बुळबुळीतपणा टिकतो आणि सरपण वाचते. किंमतही मोजावी लागते. क्षारामुळे 'क' जीवनसत्त्व आणि थायामिन काही प्रमाणात नष्ट होतात. म्हणून परंपरेतले सगळेच पौष्टिक असा भाबडा सूर लावण्यात अर्थ नाही. कडू पानांचे पहिले पाणी फेकून देण्याची रीतही अशीच दुधारी आहे. तिने कडवटपणा आणि नको असलेली द्रव्ये जातात, आणि सोबत थोडे सत्त्वही.

कसाव्याच्या पानांबाबत मात्र रीत काटेकोरपणे पाळावीच लागते. मलावीत 'चिग्वाडा', झांबियात 'कतापा', मोझांबिकमध्ये 'मतापा' या नावांनी ती शिजतात. कच्च्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. उखळात घालून पाने चांगली कुटली की पेशी फुटतात, आतली विकरे त्या द्रव्यांवर काम करतात, आणि मग उघड्या भांड्यात बराच वेळ शिजवल्यावर विषारी वायू निघून जातो. कुटण्यात कुचराई झाली तर धोका. पण कसाव्याचे झुडूप कोरड्या ऋतूतही पाने धरून राहते, म्हणून रान करपते तेव्हा मोठी भिस्त त्याच्यावर असते.

एप्रिल-मेमध्ये चित्र उलटते. मका घरी येतो, शेंगदाणा उपटला जातो, लग्ने-समारंभ सुरू होतात, न्सिमाची ददात नसते. आणि पाने नाहीशी होऊ लागतात. जुलैनंतर जमीन उघडी पडते, ऑक्टोबरमध्ये उन्हाचा कहर असतो. आता न्दिवो कुठून आणायचे? उत्तर मार्चमध्येच तयार करून ठेवलेले असते. पाने भरपूर असतात तेव्हाच चवळीची, भोपळ्याची, तिळवणीची पाने कोणी उकळत्या पाण्यातून काढून, कोणी तशीच, चटईवर किंवा खडकावर वाळत घालतात. या वाळवणाला मलावीत 'म्फुत्सो' आणि झिंबाब्वेत 'मुफुश्वा' म्हणतात. उत्तर नामिबियात ओवाम्बो बायका शिजवलेल्या तिळवणीच्या चपट्या वड्या थापून वाळवतात. उन्हात वाळवताना कॅरोटीनचा मोठा भाग जातो, सावलीत वाळवले तर जास्त टिकते. पण पावसाच्या शेवटी ढग दाटलेले असताना बुरशी टाळायची असेल तर मिळेल ते ऊन पकडावेच लागते.

ज्यांच्याकडे ओलाव्याची पाणथळ जमीन आहे, त्यांचा कोरडा ऋतू बराच सुसह्य जातो. उथळ, गवताळ दलदलीच्या कडेला मलावीत 'दिम्बा' नावाचे छोटे वाफे करतात आणि हाताने पाणी घालून मोहरीची पाने, रेप नावाचा कोबीच्या कुळातला पाला, टोमॅटो, कांदा पिकवतात. ही बाजाराची भाजी, रोख पैसे देणारी. रेप, कोबी, केल यांपैकी बहुतेक भाज्या वसाहतीच्या काळात युरोपीय लोकांबरोबर पसरल्या. आफ्रिकेचे म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मका, कसावा, भोपळा, रताळे, शेंगदाणा हे सगळे मुळात अमेरिका खंडातले. तेव्हा देशी विरुद्ध परदेशी असा वाद घालण्यापेक्षा कोणते पान कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या श्रमाने मिळते, हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते.

पानांच्या या आधाराला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. पाऊस नेहमीसारखा झाला तर ती धान्याची तूट सुसह्य करतात. पाऊसच दगा देतो तेव्हा मका जळतो आणि पानेही उगवत नाहीत. १९४९मध्ये मलावीच्या दक्षिण भागात असेच घडले. इतिहासकार मेगन व्हॉन यांनी १९८७मध्ये त्या दुष्काळावर पुस्तक लिहिले, तेव्हा सरकारी कागदांइतकेच महत्त्व त्यांनी बायकांच्या उखळावरच्या गाण्यांना दिले. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ही गाणी. नवरा सोडून गेला, कोणी दाराशी उभे केले नाही, हे सारे त्यांत साठून राहिले होते. पान हा रोजच्या टंचाईतला सोबती आहे. दुष्काळावरचा इलाज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवून सरकारांना जबाबदारी झटकता येणार नाही.

पाऊस जिथे आणखी कमी, त्या साहेलच्या पट्ट्यात पान टिकवण्याची कला कळसाला गेली. पश्चिम आफ्रिकेत गोरखचिंचेची पाने वाळवून पूड करतात आणि वर्षभर कालवण दाट करायला वापरतात. सुदानच्या दारफूर भागात 'कवाल' होतो, तो आपल्या टाकळ्याच्या अगदी सख्ख्या भावंडापासून. पावसाळ्यात माजलेली हिरवी पाने कुटून त्यांचा लगदा मातीच्या रांजणात दाबून भरतात, वर ज्वारीची पाने झाकतात आणि रांजण सावलीत पुरतात. दर तीन दिवसांनी उघडून लगदा खालीवर करायचा. सुमारे दोन आठवड्यांत तो आंबून काळसर होतो, मग त्याचे छोटे गोळे उन्हात वाळवतात. वास इतका उग्र की खाल्ल्यावर हाताला रेंगाळतो. पण प्रथिने भरपूर, आणि मांस नसलेल्या कालवणाला मांसाचा भरघोसपणा देणारी चव. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हामिद दिरार यांनी सुदानमधल्या अशा आंबवलेल्या पदार्थांचा अभ्यास करून १९९३मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. जनावरेही ज्याला तोंड लावत नाहीत अशा पाल्यापासून बायकांनी केलेले हे अन्न! आपल्याकडे टाकळा मृगाच्या पहिल्या पावसानंतर कोवळा असताना खातात आणि नंतर विसरून जातात; दारफूरमध्ये तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवतात.

पश्चिम केनियाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असा दोनदा पाऊस, त्यामुळे पानांचे दिवसही अधिक. लुओ आणि लुह्या घरांत तिळवण, छुंच, चवळी आणि कामोणीच्या जातीचे 'मनागू' ही नेहमीची पाने. कडू पाने दूध घालून मंद आचेवर पुन्हा पुन्हा गरम करत दोन-तीन दिवस मुरवतात, तेव्हा कडवटपणा निवतो. किसी लोकांत बाळंतिणीला तिळवणीची भाजी आवर्जून देतात. तरीही शाळा-कॉलेजात गेलेल्या पिढीला ही गरिबांची भाजी वाटू लागली आणि ताटात 'सुकुमा विकी', म्हणजे केल, आणि कोबी आले. १०० ग्रॅम कच्च्या माठात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, कोबीत चाळीसच्या आसपास. प्रतिष्ठा मात्र कोबीला.

हे चित्र पालटण्यात मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो या उद्यानविद्येच्या प्राध्यापिकेचा वाटा मोठा आहे. लहानपणी त्यांना दूध, अंडी, मासे यांची ॲलर्जी होती, त्यामुळे घरात त्यांच्यासाठी हीच पाने शिजत. पुढे कृषिविद्येचे शिक्षण घेताना अभ्यासक्रमात या भाज्यांचा तण म्हणूनच उल्लेख सापडला आणि त्यांनी आयुष्याचे काम निवडले. आधी मासेनो आणि नंतर जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांनी बियाणे, लागवड, पोषणमूल्ये आणि पाककृती यांवर संशोधन केले. केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयातले पॅट्रिक माउंडू यांनी देशभरातल्या पारंपरिक खाद्यवनस्पतींची नोंद केली. आज नैरोबीच्या सुपरमार्केटात मनागू आणि तिळवणीच्या जुड्या मिळतात. २०२१मध्ये पारंपरिक अन्न टिकवण्याच्या केनियातल्या या प्रयत्नांची युनेस्कोने अनुकरणीय उपक्रमांच्या नोंदवहीत दखल घेतली. बाजार आल्यावर बियाणे सुधारते, मान मिळतो, हे चांगलेच. मला काळजी वाटते ती एवढीच, की बांधावरचे फुकट पान विक्रीचे झाले की जमीन असलेल्याला ते पैसे देते आणि जमीन नसलेल्या म्हातारीच्या परडीतून निसटते.

त्याहून मोठी काळजी तणनाशकाची आहे. खुरपणीचे काम कंबर मोडणारे आहे आणि ते बायकांच्याच माथी असते, म्हणून औषध फवारून तण मारण्याचा सल्ला ऐकायला दयाळू वाटतो. पण मक्यात वापरले जाणारे ॲट्राझिन रुंद पानांची झाडे मारते. त्यात माठ, तिळवण, छुंच जातात. आणि भोपळा, चवळी यांचे आंतरपीकही घेता येत नाही. मका तेवढा उभा राहतो. पिकाच्या आकड्यांत ते शेत अधिक यशस्वी दिसेल, कारण मक्याची पोती मोजली जातात आणि पानांच्या परड्या कोणी मोजत नाही. मलावीने २००५-०६च्या हंगामापासून खते आणि सुधारित बियाण्यांवर मोठे अनुदान दिले आणि मक्याचे उत्पादन वाढले. ते गरजेचे होते. पण अशा प्रत्येक योजनेच्या ताळेबंदात जानेवारी ते मार्चमधल्या न्दिवोची किंमत धरायलाच हवी. शेतात उगवणारे कालवण औषधाने मेले तर ते घर तेच कालवण बाजारातून विकत आणणार, आणि त्या महिन्यांत त्याच्याकडे मक्यालाही पैसे नसतात. कृषी खात्यांनी शिफारस छापण्याआधी त्या शेतातल्या बाईला विचारावे, की यातली कोणती पाने तुझ्या चुलीवर जातात.